देवासची एक गल्ली आणि संगणकावरचे मराठे

गेल्या दिवाळीत मावसबहिणीकडे देवासला जाणं झालं. तिचं सासर कित्येक पिढ्या तिथलंच. घरात पाऊल टाकलं तर भाचा संगणकासमोर. "काय रे, काय चाललंय?" म्हटलं, तर मान न वळवता म्हणाला, "मामा, दोन मिनिटं थांबा, गोवा जिंकतोय!"

गोंयकाराने हे ऐकून काय करावं? मी मुकाट्याने खुर्ची ओढली.

खेळाचं नाव 'एम्पायर: टोटल वॉर'. इंग्लंडातल्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा, २००९ सालचा. म्हणजे आता जुनाच, पण भाच्याचा जीव त्यात अडकलाय, कारण त्यात मराठे होऊन खेळता येतं. काळ १७०० ते १७९९, वर्षाला दोन चाली. नकाशावर गोवा पोर्तुगिजांकडे. तुम्ही कर बसवायचा, फौज उभारायची, हत्ती-तोफा घेऊन चालून जायचं, आणि मुलूख जिंकला की नकाशाचा तुकडा आपल्या रंगाचा होतो. खोटं कशाला बोलू, दोन दिवस रात्री जेवणानंतर मीही खेळलो. मजा येते. खऱ्या इतिहासात १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत घुसली, पण गोवा काही हाती लागला नाही. इथे अर्ध्या तासात काम फत्ते!

तिसऱ्या दिवशी इंदूरमार्गे धारला गेलो. किल्ला पाहताना भाच्याला सांगितलं, अमझेरा याच जिल्ह्यात. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी तिथे मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याला हरवलं. त्या लढाईत तो मारला गेला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. याच चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली. पोरगा थबकला. "गेममध्ये अमझेरा नाहीच!" म्हणाला.

नसणारच. माझी या खेळाबद्दल तक्रार असेल तर ती हीच. त्याला मुलूख जिंकलेला कळतो, त्यानंतर तिथे राहिलेली माणसं कळत नाहीत. खेळात जिंकलेल्या प्रांताला एकच रंग. खरा माळवा होळकर, शिंदे, पवार यांच्यात वाटला गेला. देवासात तर पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, आणि हे १९४८ पर्यंत चाललं! ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता; त्यालाही या कारभाराची गंमत वाटली. आता हे गाव कुठल्या रंगात रंगवायचं?

आणि १९४८ मध्येच इथे एक माणूस फौजफाटा न घेता आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी, कोरडी हवा मानवेल म्हणून. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं कानांत साठवली, बरे होऊन ती गायले, आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत देवासचेच राहिले. त्यांनी माळवा जिंकला की माळव्याने त्यांना? असा हिशेब कुठल्याच खेळात बसत नाही.

परतीच्या आदल्या रात्री बहिणीच्या सासूबाईंनी जुन्या पत्रांचा गठ्ठा काढला. त्यांच्या आईने धारहून पाठवलेली. एक पत्र मी नातवाच्या हातात दिलं. लिपी त्याला येते, हिंदी वाचतोच की! पण दोन ओळींनंतर अडखळला, मग हसून आजीकडे दिलं. पडद्यावर मराठ्यांचं राज्य दिल्लीच्या पुढे गेलेलं, आणि घरात पणजीचं पत्र बंद.

दोष मी खेळाला देत नाही. उलट त्या खेळामुळेच पोरगं धारच्या किल्ल्यावर तासभर प्रश्न विचारत होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, त्यात हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी आहे. मुलूख जिंकण्यापलीकडेही खेळ असतो, हे आपल्याकडच्यांनी दाखवलंय. दरवाजा कुठलाही चालेल, आत कोणी तरी हात धरून न्यायला हवं. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्या गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ती भजनातून, कीर्तनातून, जत्रेतल्या नाटकांतून टिकली.

निघताना आजीला म्हटलं, रोज एक पत्र त्याला वाचून दाखवा. त्या म्हणाल्या, "ऐकेल का तो?"

भाचा आतून ओरडला, "आजी, एक डाव झाला की येतो!"

बघू या.