आधी वही, मग सेल!

शेंद्र्यात आमच्या बँडची प्रॅक्टिस कधी असते, हे आम्ही नाही, शिफ्टचा चार्ट ठरवतो. ड्रमर फर्स्ट शिफ्टला, कीबोर्डवाला सेकंडला, गिटारिस्ट जनरलला आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे चोवीस तास ड्युटीवर! चौघांची सुट्टी महिन्यातून दोनदा जुळली तरी पार्टी. मग जालना रोडने चिकलठाणा विमानतळ मागे टाकायचं, शेंद्रा एमआयडीसीत शिरायचं आणि एका मित्राच्या पॅकिंगच्या गाळ्याचं शटर वर करायचं. कार्टनच्या थप्प्यांमुळे आवाज घुमत नाही आणि शेजारच्या गाळ्यातलं कॉम्प्रेसर आमच्यापेक्षा मोठ्याने गातं. फुकटचा स्टुडिओ, बॉस!

गेल्या महिन्यात गिटारिस्ट त्याच्या काकांच्या माळ्यावरून एक काळा, चपटा डबा घेऊन आला. यामाहा एसपीएक्स ९०. धूळ झटकली तर दोन ओळींचा छोटासा डिस्प्ले आणि बटणांची रांग. आम्ही तिघं ‘वॉव’ म्हणालो. कीबोर्डवाला प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. तो शांतपणे म्हणाला, “अरे, हा तर आमच्या पॅनलमध्ये बसेल!” खरंच बसला असता. टेलिफोन एक्स्चेंजपासून सर्व्हर रूमपर्यंत सगळीकडे तोच रॅक चालतो: १९ इंच रुंद आणि एका ‘युनिट’ची उंची पावणेदोन इंच. म्युझिकवाल्यांनी तोच उचलला.

ऐंशीच्या दशकात जगभरचे गिटारिस्ट फ्रिजएवढे रॅक घेऊन फिरायचे. पायाखाली चार पेडल ठेवण्याऐवजी रिव्हर्ब, डिले, कोरस असं सगळं त्या कपाटात. आपल्याकडे ते स्वप्नच होतं. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन (पुढे १९९३ पासून इंडस क्रीड) उभा राहिला, १९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं, पण बाहेरचं सामान आणणं म्हणजे एक तर भरमसाट ड्यूटी, नाही तर परदेशातून येणारा कुणाचा तरी भाऊ. काका शहरातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपती, लग्न, गॅदरिंग. हा डबा त्यांनी मुंबईत सेकंडहँड घेतला होता, तोही हप्त्यांनी.

ड्रमरने वायर उचलली आणि बोर्डाकडे निघाला. तेवढ्यात गिटारिस्टचा फोन वाजला. काका! “आरं, थेट लावू नको त्याला! जपानी पीस आहे, १०० व्होल्टचा. माझा स्टेपडाऊन कुठंय?” स्टेपडाऊन माळ्यावरच राहिला होता. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘१००’ लिहिलेलं होतं, आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. आपल्या बोर्डात २३० व्होल्ट. पाच सेकंद उशीर झाला असता, तर हा कॉलम ‘श्रद्धांजली’ या मथळ्याखाली आला असता.

तेव्हा नियम नंबर एक: मागची प्लेट वाचा. नियम नंबर दोन: स्टेपडाऊन असला तरी जुनं मशीन थेट चालू करू नका. प्रत्येक वायरमनकडे असतो तो सिरीज बोर्ड घ्या. त्यात साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब हवा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर बहुधा ठीक. भकाभक पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद करा. बल्ब स्वतः करंट अडवतो आणि मशीन वाचतं. आमचा बल्ब चमकला आणि मंद झाला. डिस्प्लेवर अक्षरं आली. गाळ्यात टाळ्या!

पण लगेच दुसरं टेन्शन. एसपीएक्स ९० मध्ये पहिले ३० प्रोग्रॅम कंपनीचे, ते कायमचे. पुढचे आपण स्वतः बनवायचे. आणि ती मेमरी जिवंत ठेवते आतली एक लिथियमची छोटी बॅटरी. काकांनी ती २००४ मध्ये एकदा बदलली होती. व्होल्टेज मोजलं, तर ती शेवटच्या घटका मोजत होती. आत काकांचे अकरा प्रोग्रॅम. इंग्रजी अक्षरांत त्यांनी दिलेली नावं: ‘गुलमंडी’, ‘लग्न स्लो’, ‘पाऊस’. बॅटरी काढली की सगळं साफ. बदलायची नाही म्हटलं, तरी महिना-दोन महिन्यांत साफ.

कीबोर्डवाला म्हणाला, “आधी वही, मग सेल.” मग एका रात्री आम्ही बसलो. एक जण बटण दाबतोय, एक वाचतोय, मी लिहितेय. रिव्हर्ब टाइम इतका, डिले इतका, फिल्टर इतका. अकरा प्रोग्रॅम, अकरा पानं. पत्रकारितेच्या डिग्रीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं!

त्यानंतर कीबोर्डवाल्याने झाकण उघडलं. हे काम त्याचंच, आपलं नाही. वायर काढली तरी पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, त्यामुळे जाणकाराशिवाय आत हात घालायचा नाही. जुनी बॅटरी काढून त्याने होल्डर बसवला, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरची कटकट नको. फुगलेले दोन कपॅसिटर बदलले: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवाले. जॅकच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वायर दहा वेळा आत-बाहेर केली. निम्मी खरखर तिथेच गेली. उरलेली घूं-घूं अर्थिंगची होती. काही जण त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. प्लीज, नको. माइक आणि तारा दोन्ही हातात असतात तुमच्या. सगळं सामान एकाच बोर्डावर आणलं आणि आवाज बराच बसला.

गिटार थेट न जोडता आम्ही हा डबा ॲम्पच्या सेंड-रिटर्नमध्ये टाकला. वहीतले आकडे परत भरले. आणि मग माझी चूक सापडली. ‘गुलमंडी’च्या पानावर रिव्हर्ब टाइम लिहिलाच नव्हता! नेमका काकांचा लाडका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांना गाळ्यात बोलावलं. कार्टनवर बसले, चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले. गिटारिस्ट एक कॉर्ड वाजवायचा, मी आकडा वाढवायची. “नाही, अजून.” “अजून.” “लई झालं, मागं ये.” सातव्या-आठव्या कॉर्डला ते काहीच बोलले नाहीत. मीही बटणावरून हात काढला. मग म्हणाले, “हेच. गुलमंडीला मागच्या भिंतीवरून असाच परत यायचा.” आकडा मी त्या पानावर लाल पेनाने लिहिला.

नवीन प्लगइनमध्ये असे शंभर रिव्हर्ब मिळतात, याहून स्वच्छ. हा डबा तर १२ किलोहर्ट्झच्या वर काही ऐकूच देत नाही, म्हणून आवाज जरा मऊ, जुनाट येतो. तरी प्रॅक्टिसला तोच लागतो. कारण त्या आवाजात कुणीतरी रात्री जागून एक जागा बसवलीय.

कीबोर्डवाल्याने जाता जाता एक फंडा सांगितला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसते पडून राहिले तरी खराब होतात. आतला ऑक्साइडचा थर व्होल्टेज मिळत राहिलं तरच टिकतो. म्हणजे माळ्यावर जपून ठेवणं हीच मशीनची वाट लावायची सोपी पद्धत!

मग आम्ही ठरवलंय, चौघांची सुट्टी जुळो न जुळो, ज्याला वेळ असेल त्याने आठवड्यातून एकदा शटर वर करून डबा तासभर चालू ठेवायचा. गेल्या दोन आठवड्यांत ते काम काकांनीच केलंय. म्हणतात, “मशीनसाठी जातो.” आम्ही काही बोलत नाही. गिटार मात्र मुद्दाम ट्यून करून तिथेच ठेवतो.