वकील सरकारी, हक्क आपला
कारखान्याच्या गावात ठेकेदार बदलला की गेटपास बदलतो आणि मागच्या थकलेल्या पगाराचा, पीएफचा हिशेब लोंबकळत राहतो. भिलाईतल्या अशा ठेका कामगाराला ‘वकील कर’ म्हणणं सोपं आहे, पण फी कोण भरणार? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. त्याच्या कलम १२मध्ये मोफत वकिलाचा हक्क कुणाकुणाला, याची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतला माणूस आणि चक्क ‘औद्योगिक कामगार’! या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. ज्या शहराची ओळखच पोलाद कारखाना, तिथे ही ओळ पाळीच्या घंटेइतकी पाठ असायला हवी. पण कायदेविषयक शिबिरांत बॅनर, पुष्पगुच्छ आणि मान्यवरांची मनोगतं यांतच निम्मा वेळ जातो. कलम १२ कुणी वाचून दाखवलं तर नशीब. लोकअदालतीचे गोडवे गातानाही एक गोष्ट राहून जाते. कोर्टातलं प्रकरण तिथे मिटलं तर कोर्ट फी परत मिळते हे खरं, पण त्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा तडजोडीवर सही करण्याआधी ती कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावी. जिल्हा प्राधिकरण दुर्गला आहे, आणि विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. अर्ज तिथला माणूस लिहून घेतो.