गुण खोटे, घाम खरा



इंग्लंडात १९८८ साली आधी रेडिओवर आणि त्याच वर्षी टीव्हीवर ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९९८ पासून अमेरिकेतही. संहिता नाही. प्रेक्षक विषय ओरडणार, नट तिथल्या तिथे सोंग उभे करणार. आपल्या तमाशातल्या बतावणीसारखे. सूत्रधार मनाला येईल तसे गुण वाटणार. त्या गुणांना काडीची किंमत नाही, हे अमेरिकेतला ड्र्यू केरी सुरुवातीलाच सांगून टाकी.

आम्हा कोरडवाहूवाल्यांना यात नवे काय? विषय आभाळ देते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावे. पेरले की पाऊस दडी मारतो. मग दुबार पेरणीचा प्रवेश. पुढे बोंडअळी, पुढे काळी पडलेली ज्वारी. दर वेळी नवे सोंग! गुणही मिळतात : हमीभाव जाहीर होतो. कापसात ओलावा १२ टक्क्यांवर भरला की सरकारी केंद्र गाडी परत पाठवते आणि गुण कागदावर राहतात.

त्या खेळाचा एक नियम आहे. जोडीदार बोलेल त्याला ‘हो’ म्हणायचे. व्यापाऱ्याने भाव उच्चारला की आपणही ‘हो’ म्हणतो. फरक एवढाच, नट मानधन घेऊन घरी जातो, आपण कर्ज घेऊन.

एकटा ‘नाही’ म्हणाला तर परतीचे गाडीभाडे त्याच्याच अंगावर. म्हणून ‘नाही’ची तालीम सगळ्यांनी मिळून करायची. ती जागा म्हणजे ही बैठक.