शून्य रुपयांचं जेवण

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली. बॅग ओसरीवर टाकली आणि हातपाय धुवायच्या आधीच माझ्यापुढे एक कागद धरला. "आई, बघ ना. बजेट केलंय."

ती मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटानं दहा मिनिटांची फिल्म करायची, खर्च पंधरा हजारांच्या वर जायला नको, असा कॉलेजचा नियम. यांनी प्रत्येकी तीन हजार काढले. फिल्म करायची आमच्या वाईत, कारण इथे घाट आहे, जुनं घर आहे आणि (हे तिनं बोलून दाखवलं नाही) आई आहे.

आम्हा वाईकरांना शूटिंगचं अप्रूप तसं राहिलेलं नाही. 'गंगाजल' झाला, 'स्वदेस' झाला, 'दबंग' झाला. मोठ्या युनिटच्या गाड्या, जनरेटर, जेवणाचे तंबू सगळं पाहून झालंय. पण आपल्याच घरात शूटिंग म्हटल्यावर मीही चष्मा लावून कागद घेतला. आवाजाचं यंत्र आणि माईक, दोन दिवसांचं भाडं २४००. हार्ड डिस्क ४५००. प्रवास २६००. दिवे १५००. सामानसुमान १०००. किरकोळ १५००. राखीव १५००. कॅमेरा फुकट, कारण गटातल्या एका मुलाचा भारी मोबाइल. हिशेब चोख होता. मला बरं वाटलं, पोरगी माझ्यावर गेली म्हणून.

त्याखाली तीन ओळी होत्या. लोकेशन ०. कपडे ०. जेवण ०.

"जेवण शून्य? उपास धरलेत का सगळ्यांनी?"

"अगं, तू आहेस ना!"

ती इतक्या प्रेमानं म्हणाली की मी हसले आणि विषय तिथेच राहिला. रात्री मात्र ते शून्य काही डोळ्यांपुढून हलेना.

आधी त्यांची गोष्ट सांगते. पहिल्या कच्च्या खर्ड्यात अकरा पात्रं होती, रात्रीचा पाऊस होता आणि एक वरातही होती. मी म्हटलं, बाळांनो, रात्र म्हणजे दिवे, पाऊस म्हणजे पाण्याचा टँकर आणि वरात म्हणजे पन्नास माणसांचा चहा. घरात काय आहे ते बघून आपण भाजी ठरवतो ना, तशी गोष्ट ठरवा. आपल्याकडे काय आहे? एक ओसरी, एक माजघर, एक घाट आणि शेजारच्या काकू. काकू निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, गणेशोत्सवाच्या नाटकात अजूनही हौसेनं उभ्या राहतात. दोन दिवस पोरं भांडली आणि मग उरली ती गोष्ट अशी: नात आजीला कायमची शहरात न्यायला येते, आजी बॅग भरते आणि एकेक वस्तू परत जागेवर ठेवते. पात्रं दोन. दिवस एक. मला तरी पहिल्यापेक्षा हीच जास्त आवडली.

मग प्रसंगांची फोड केली. प्रत्येक प्रसंगासाठी एक कागद, त्यावर कोण लागणार, कुठे, कोणत्या वेळी, काय काय सामान. मी म्हटलं, हे तर आमचं वाण्याच्या यादीसारखंच झालं! शूटिंग गोष्टीच्या क्रमानं करत नाहीत, जागेच्या क्रमानं करतात, हेही मला लगेच पटलं. आपण नाही का, एकदा बाहेर पडलो की गिरणी, बँक आणि मंडई एका फेरीत उरकतो? ओसरीवरचे सगळे प्रसंग एकत्र, घाटावरचे एकत्र. ओसरीवर ऊन किती ते किती असतं हे त्यांनी इंटरनेटवर शोधायला घेतलं होतं. मला विचारा की! वीस वर्षं तिथे पापड वाळवतेय. नऊ ते अकरा. त्यामुळे काकूंचे प्रसंग सकाळी बसले आणि त्यांची दुपारची विश्रांतीही सांभाळली गेली. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की उन्हाचा उजेड चेहऱ्यावर परततो. भाड्याचे दिवे फक्त माजघरात लागले.

आवाजावर २४०० कशाला घालवायचे, असं यांना वाटत होतं (म्हणजे आमच्या यांना, मुलांना नव्हे). पण चित्र थोडं हललं तर माणूस चालवून घेतो, बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातो, हे मुलांचं म्हणणं अगदी खरं. शूटिंगच्या दिवशी कळलं की आपलं घर किती बोलतं! पंखा, शेजारचा मिक्सर, देवळातली घंटा, तिसऱ्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या. फ्रिजची घरघरसुद्धा माईक पकडतो, म्हणून तो बंद करायचा. मग तो परत चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज आठवतोच. ही युक्ती मला इतकी आवडली की गॅसच्या सिलिंडरसाठी असं काही करता येईल का, याचा मी विचार करतेय.

आता मूळ मुद्द्याकडे येते, म्हणजे शून्याकडे.

पाच मुलं, मदतीला आलेले त्यांचे तीन मित्र, काकू आणि नातीचं काम करणारी मुलगी अशी दहा माणसं. दोन दिवस, दोन वेळचं जेवण, म्हणजे चाळीस ताटं. आमच्याकडे साध्या खानावळीत शंभर रुपये धरले तरी चार हजार. नाश्ता आणि चहा दिवसाला माणशी पन्नास धरा, आणखी एक हजार. एकूण पाच हजार. पंधरा हजारांच्या फिल्ममध्ये आवाजाच्या दुप्पट आणि हार्ड डिस्कहूनही मोठा खर्च हा, आणि कागदावर त्याच्यापुढे शून्य! पीठ-तेल-भाजीचे पैसे घरातून गेलेच, पण पहाटे साडेचारला उठून पोह्यांना फोडणी कोणी दिली?

मला पैसे नको होते. कोणती आई मुलीकडे पोह्यांचे पैसे मागेल? पण ज्याचे पैसे घेत नाही त्याची किंमतच नाही, असं कधी ठरलं? दागिना अंगावर घालून मिरवला नाही म्हणून त्याचं वजन कमी होत नाही.

आणि हे काही आजचं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, हे आपण शाळेपासून ऐकतो. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषानं ते केलं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळक्यांनी केला, कपडे धुतले, कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं किचकट कामही त्या शिकल्या आणि त्यांचे दागिने त्या उद्योगात गेले, हे आपल्यापैकी किती जणींना 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघायच्या आधी माहीत होतं? मला नव्हतं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'साठीही बायकोचे दागिने गहाण पडले होते. भारतीय सिनेमाचा पाया कॅमेऱ्यावर उभा आहे असं म्हणतात. मला तो थोडा स्वयंपाकघरावर आणि थोडा सोनाराच्या तिजोरीवर उभा दिसतो.

दुसरी गोष्ट शूटिंगच्या पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली. गटात दोन मुली, तीन मुलगे. दिग्दर्शन माझ्या लेकीचं, असं कागदावर होतं. पण सकाळी अकराला बघते तर कॅमेरावाला मुलगा काकूंना कुठे उभं राहायचं ते सांगतोय आणि दिग्दर्शिका स्वयंपाकघरात पेले मोजतेय! "तुला मॅनेज करायला छान जमतं," असं तिला कोणीतरी म्हटलं होतं. हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलंय. कौतुकासारखं लागतं आणि कानाला धरून ओट्यापाशी आणून सोडतं. मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि त्या मुलाला हाक मारली, "बाळा, तुझा मोबाइल तिपाईवर स्थिर आहे ना? मग चहा तू ने. अगं, आणि तू बाहेर जा, काकू खोळंबल्यात." मुलगा चांगला हो, बिचारा लगेच आला. त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी रात्री सगळं आटोपलं. मोबाइलमधलं चित्रण हार्ड डिस्कवर आणि लॅपटॉपवर, अशा दोन जागी उतरवून झालं. (एकाच जागी ठेवू नये. एफडीच्या पावतीची झेरॉक्स ठेवतो तसंच.) मग पोरं ओसरीवर अंतिम हिशेबाला बसली, तेव्हा मी माझं पाच हजारांचं गणित पुढे केलं. "मला द्यायचे नाहीत. फक्त लिहायचे."

शांतता पसरली. कॅमेरावाला म्हणाला, "काकू, पण मग बजेट वीस हजार होतं. मर्यादा पंधराची आहे. मार्क जातील. घरचंच तर आहे, कशाला लिहायचं?"

तो चूक नव्हता. मार्क खरंच गेले असते. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, आणि भांडी आवरायला उठले. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, आणि मावशींचं काय?"

आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. दोन दिवस दहा माणसांची भांडी त्यांनी घासली, मोठी पातेली, चहाचे पेले, सगळी. मी त्यांना काय म्हटलं होतं? "मावशी, दोन दिवस जरा जास्त पडतील हं, मुलीच्या शाळेचं काम आहे." त्यांनी मान हलवली. माझ्या पाच हजारांच्या गणितात पोहे होते, तेल होतं, माझी पहाट होती. मावशी नव्हत्या. मीच त्यांच्यापुढे शून्य लिहिलं होतं आणि तेही कागदावर न लिहिता.

त्या रात्री मी फारसं काही बोलले नाही.

राखीव दीड हजारांतले हजार काकूंच्या पाकिटात गेले. त्या नको नको म्हणाल्या आणि मग घेतले. नाटकाचं मानधन आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं म्हणे. उरलेले पाचशे मावशींना दिले. त्यांनी मात्र एकदाही नको म्हटलं नाही. पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, "पुन्हा कधी हाय शूटिंग?"

आणि माझे पाच हजार? लिहिले. 'वस्तू व श्रमरूपाने' असा वेगळा रकाना लेकीनं आखला. त्यात जेवण आलं, घर आलं, माझ्या चार साड्याही आल्या. घराचं आणि साड्यांचं भाडं किती धरायचं ते कोणालाच ठरवता आलं नाही, तिथे नुसतीच रेघ आहे. कॉलेजात दोन मार्क कापले गेले, खर्च मर्यादेबाहेर म्हणून. इतर गटांच्या कागदांवर जेवणापुढे शून्यच होतं आणि त्यांचे मार्क शाबूत राहिले. तिचे शिक्षक वाईट नाहीत. पण काटकसर शिकवायची तर ती कोणाच्या जिवावर होतेय हे दाखवायला नको? रोख पैशांची मर्यादा घाला, खुशाल घाला. शेजारी दुसरा रकाना ठेवा आणि तो भरणं सक्तीचं करा. नाहीतर पुढे मोठ्या फिल्म करणारी ही पोरं जेवण आभाळातून पडतं असंच समजत राहतील.

छोट्या गावातून, छोट्या पैशांतून चांगलं काही होत नाही असं मला म्हणायचं नाही, उलट होतंच. सुमित्रा भावे समाजकार्य करता करता १९८५ मध्ये 'बाई' करून गेल्या आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' केली आणि तिलाही मिळाला. तेव्हा मुलीनं फिल्म करते म्हटलं की नाक मुरडू नका. घर द्या, साड्या द्या, पोहेही द्या. पण देताना कागदावर आकडा टाकायला लावा.

फिल्म पूर्ण झाली. शेवटच्या नावांत 'भोजन' या शब्दापुढे दोन नावं आहेत, माझं आणि मावशींचं. मावशींचं पूर्ण नाव मला तेव्हा विचारावं लागलं, नऊ वर्षांनी. एका स्पर्धेत पाठवली होती, निवड झाली नाही. शेवटच्या प्रसंगात कुकरची शिट्टी राहून गेलीय, ती नेमकी आमचीच होती.

परवा लेकीचा फोन आला. उन्हाळ्यात दुसरी करायची म्हणतायत, या वेळी बारा माणसं, तीन दिवस. मी म्हटलं, ताटाला ऐंशी, चहा-नाश्ता चाळीस, भांड्यांचे मावशींना वेगळे, आणि वाढायला दोन मुलगे. विचारून सांगते म्हणाली.