एक इंच कमी करा राव!

कॅम्पसमध्ये नवी एसयूव्ही शिरली की आपली जनता आधी रिम बघते. "अठरा इंच आहेत रे!" टॉर्क वगैरे नंतर. माझं मत उलटं आहे. आपल्या रस्त्यांवर अवजड गाडीला रिम लहान आणि टायर जाडच हवा.

२०२१ साली आलेल्या एक्सयूव्ही ७०० चंच बघा. वरच्या मॉडेलला २३५/६० आर १८, खालच्याला २३५/६५ आर १७. हा ६० म्हणजे काय, तर टायरच्या रुंदीच्या ६० टक्के साइडवॉल, म्हणजे १४१ मिमी. ६५ ला तीच जवळपास १५३ होते. चाकाचा एकूण व्यास मात्र जेमतेम दोन मिमीने घटतो, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही! खड्ड्यात कामाला येते ती ही जास्तीची १२ मिमी उंची. साइडवॉल बुटकी असली की टायर रिमची कड आणि डांबर यांच्यात चिमटतो, आतले दोरे तुटतात, बाजूला टेंगूळ येतं. भर पावसात, रात्री, घाटात तो फुटला तर आत कोण बसलेलं असतं? आपलेच आई-बाबा.

वळणावर गाडी जरा जास्त डुलेल, मान्य. पण घाटात रेस लावायचीय कोणाला?

बदलताना एवढं करा: नवी रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक फिरवून बघा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. साइज कंपनीचाच असल्यामुळे टायरवाला सहसा नाक मुरडणार नाही. मुरडलंच, तर वरचा हिशोब दाखवा.