विश्लेषण : अफू देशात पिकते, तरी कर्करुग्णांना मॉर्फिन का मिळत नाही?

मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर आणि राजस्थानातील चित्तोडगढच्या शेतांत दरवर्षी सरकारी परवान्याने अफू पिकते. अफूचा चीक कायदेशीररीत्या काढून तो निर्यात करणारा भारत हा जगातील एकमेव देश. याच चिकापासून मॉर्फिन मिळते. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर ते परिणामकारक आणि स्वस्त औषध मानले जाते. तरीही ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१७ मधील अहवालानुसार, भारतात या वर्गातील वेदनाशामकांची उपलब्धता गरजेच्या जेमतेम ४ टक्के होती. हे कसे झाले?

वेदना मोजतात कशी?

शरीराला इजा झाली की चेतातंतूंमार्फत संदेश मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. मात्र हा मार्ग सरळ तारेसारखा नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. ते संदेशाची तीव्रता कमी-जास्त करते. कोपर आपटल्यावर चोळले की बरे वाटते ते यामुळेच. भीती, अपुरी झोप, नैराश्य यांनी वेदना वाढते. म्हणूनच ती क्ष-किरण चित्रात दिसत नाही. किती दुखते हे रुग्णच सांगू शकतो. त्यासाठी डॉक्टर शून्य ते दहा असे गुण विचारतात.

उपचाराची पद्धत काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची ‘शिडी’ सुचवली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधे, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तिसरीवर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडावाटे आणि दुखायला लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यायचे, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र. गोळ्यांबरोबर इतर उपायही असतात. हाडांत पसरलेल्या कर्करोगावर रेडिएशनने आराम पडतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातील चेतातंतूंचे जाळे इंजेक्शनने बधिर करता येते. चेतातंतूंच्या वेदनेवर फिट्स किंवा नैराश्यावरील काही औषधे वापरली जातात.

मग मॉर्फिन दुर्मीळ का झाले?

अमली पदार्थांच्या तस्करीला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. त्याखाली प्रत्येक राज्याने स्वतःचे नियम केले. मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयाला अनेक परवाने लागू लागले. ते वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतीचे. एकाची मुदत संपली की साठाच थांबे. चूक झाल्यास कठोर शिक्षेची भीती होतीच. परिणामी पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. औषध दुकानदारांनी ते ठेवणे बंद केले. मॉर्फिनची गोळी कधी हाताळलीच नाही, अशी डॉक्टरांची पिढी तयार झाली.

व्यसनाची भीती निराधार आहे का?

पूर्णपणे नाही. अमेरिकेत अशा औषधांच्या बेसुमार वापरातून व्यसनाचे आणि मृत्यूंचे मोठे संकट उभे राहिले. पण तिथे पाठदुखीसारख्या जुनाट तक्रारींवरही ती सर्रास लिहून दिली गेली. देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णांत व्यसनाचे प्रमाण कमी असते. शरीराला औषधाची सवय होते, त्यामुळे ते एकदम थांबवता येत नाही. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास आहे. मात्रा जास्त झाल्यास श्वास मंदावतो, म्हणून ती सावकाश वाढवतात.

कायदा बदलला, पुढे काय?

संसदेने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली. राज्यांचे वेगवेगळे नियम जाऊन देशभर एकच नियमावली आली. अनेक परवान्यांऐवजी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी आहे. केरळने २००८ मध्येच उपशामक सेवेचे धोरण आखले आणि स्थानिक स्वराज्य संस्था व स्वयंसेवकांच्या मदतीने ती घरोघरी नेली.

महाराष्ट्रात अनुभवाची कमतरता नाही. देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच सुरू झाले. टाटा मेमोरियलमध्ये आणि पुण्यातही अशी सेवा मिळते. अडचण शहराबाहेर आहे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून मुंबईत आलेला रुग्ण उपचार संपवून गावी जातो. सोबतच्या गोळ्या संपल्या की पुढच्या कुठून आणायच्या, हा प्रश्न त्याच्या घरच्यांपुढे उभा राहतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने मान्यता घेऊन साठा आणि एक प्रशिक्षित डॉक्टर ठेवल्यास हा प्रवास टळू शकतो. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, आहे त्याच्या अंमलबजावणीची आहे.

कुटुंबीयांनी काय करावे?

दुखणे कधी, कुठे आणि दहापैकी किती, याची रोज नोंद ठेवावी व ती डॉक्टरांना दाखवावी. रुग्णालयात उपशामक सेवा विभाग आहे का, हे उपचारांच्या सुरुवातीलाच विचारावे. ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. आणि ‘आता सहन करा’ असे कुणी म्हटले, तर पुढच्या पायरीवर काय देता येईल, हे जरूर विचारावे.