सुईणीची रिकामी जागा

पूर्व लंडनमधील पॉपलर या गोदी कामगारांच्या वस्तीत १९५७ साली सायकलवरून घरोघर बाळंतपणे करीत हिंडणाऱ्या सुईणींची कथा 'कॉल द मिडवाइफ' या मालिकेत सांगितली आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती २०१२ साली सुरू झाली. जेनिफर वर्थ या सुईणीच्या आठवणींवर ती आधारलेली आहे. पहिल्याच भागात चोवीस मुलांची आई असलेली एक स्पॅनिश स्त्री पुन्हा बाळंत होते, आणि तेही दिवस पुरे भरण्याआधीच. मूल इस्पितळात हलविण्यास ती ठाम नकार देते, त्याला उराशी धरून ठेवते, आणि ते जगते. हा प्रसंग पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावतात ते स्वाभाविकच आहे. परंतु श्रमिक चळवळीच्या दृष्टीने त्यात पाहण्याजोगी गोष्ट निराळी आहे. या दरिद्री घरात प्रशिक्षित सुईण येते, आणि तिचे पैसे कोठून आणावयाचे ही चिंता त्या घरातील कोणालाच नसते.

ही निश्चिंती दयाधर्मातून आली नव्हती. ब्रिटनमध्ये १९०२ च्या कायद्याने सुईणींचे शिक्षण व नोंदणी यांना आधार मिळाला. १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणींची सेवा पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. खाणकामगाराचा मुलगा असलेल्या अन्यूरिन बेव्हन यांच्या आरोग्य योजनेने ५ जुलै १९४८ पासून साऱ्याच वैद्यकीय सेवेला जोडलेली पैशाची अट काढून टाकली. अडाणी सुईण तेथेही गेली, पण तिच्या जागी शिकलेली, पगारी आणि जबाबदार सुईण आली. आपल्याकडे नेमके हेच दुसरे पाऊल टाकले गेले नाही.

पॉपलरचे पोट गोदीवर चाले, तसे मालेगावचे यंत्रमागावर चालते. मोसम नदीच्या काठच्या दाट मोहल्ल्यांत बारा बारा तासांच्या पाळ्या, नगावर मिळणारी मजुरी आणि शुक्रवारची सुट्टी यांनी आठवडा बांधलेला असतो. अशा घरातील स्त्रीला बाळंतपणासाठी चार दिवस बाहेर काढणे म्हणजे मागे राहिलेल्या मुलांचे पाहणारे कोणी शोधणे, पुरुषाची पाळी बुडविणे आणि वर औषधपाण्याचा खर्च सोसणे होय. पूर्वीच्या दाईला हे सारे ठाऊक होते, कारण ती त्याच गल्लीत राहत असे. तिचे ज्ञान अपुरे होते आणि तिच्या हातून माता व बालके दगावतही असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठी मुलुखात हे काम पुष्कळ ठिकाणी मातंग आणि अन्य दलित जातींच्या स्त्रियांवर लादलेले होते. मूल तिच्या हातावर जन्मे, पण तिच्या हातचे पाणी चालत नसे. तेव्हा जुन्या सुईणीचे गोडवे गाऊन प्रश्न सुटणार नाही.

बाळंतपण दवाखान्यात व्हावे या धोरणाने प्राण वाचले, हेही मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. पण त्याच पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांमधील ४७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४ टक्के होते. गरीब स्त्रीचे शरीर पैशाच्या जागेनुसार बदलत नाही. बदलतो तो नफ्याचा हिशेब. सरकारी दार अपुरे असले की कामगाराची पत्नी खासगी दाराशी जाते आणि बाळाबरोबर कर्जही घेऊन घरी येते.

मधली कडी कोठे तुटली? १९४६ साली भोर समितीने सार्वजनिक आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. पुढे बाळंतपणाचे शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका नेमल्या गेल्या. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर त्यांना 'बहुउद्देशीय' करण्यात आले. लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली त्यांचे सुईणपण हळूहळू दबले. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि 'आशा' नेमली गेली. पण आशा बाळंतपण करीत नाही, ती गरोदर स्त्रीला दवाखान्यापर्यंत पोहोचविते. शहरांसाठीचे अभियान तर २०१३ साली, म्हणजे आठ वर्षे उशिरा आले. मालेगावसारखे शहर या काळात खेड्याच्या योजनेत बसत नव्हते आणि महानगराच्या सोयी त्याला मिळत नव्हत्या.

शहरी अभियानाचा निकष दर पन्नास हजारांमागे एक आरोग्य केंद्र आणि दर दहा हजारांमागे एक आरोग्यसेविका असा आहे. २०११ च्या जनगणनेत मालेगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८१ हजार होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही सुमारे दहा केंद्रे आणि अठ्ठेचाळीस आरोग्यसेविका हव्यात. त्यांपैकी किती कायम आहेत, किती कंत्राटी आहेत आणि रात्री दहानंतर किती केंद्रांत बाळंतपण होऊ शकते, हा प्रश्न प्रत्येक महासभेत विचारला गेला पाहिजे.

आशाताईंच्या बाबतीत शासनाचे अर्थशास्त्र विलक्षण आहे. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्राच्या शहरी भागात दारिद्र्यरेषेखालील मातेला ६०० रुपये आणि आशेला ४०० रुपये ठरविले गेले. काम कामगाराचे, पण नाव 'स्वयंसेविके'चे आणि मोबदला 'मानधना'चा, अशी ही रचना आहे. २०२० च्या साथीत मालेगावात घरोघर हिंडण्याची वेळ आली तेव्हा, आणि २०२२ च्या गोवराच्या उद्रेकातही, शासनाला आठवण झाली ती याच स्त्रियांची. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, ही भारतीय श्रम परिषदेची २०१३ ची शिफारस कागदावरच राहिली.

मातेच्या हक्काचीही तीच कथा आहे. मुंबई इलाख्यात १९२९ साली देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. त्या विधेयकाच्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला आणि तिचा भार मोठ्या अंशी शासनाने उचलावा असे प्रतिपादन केले. २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण ती मोठ्या आस्थापनांतील स्त्रियांना. घरात बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रीला मालकच नसतो, मग रजा कोठून मिळणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपयेच दिले.

याहून वेगळे करता येते, हे याच राज्यात दिसले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दलित व निरक्षर स्त्रियांना गावाच्या आरोग्यकार्यकर्त्या केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या सेवेचे शिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध केले. सामान्य स्त्रीवर विश्वास टाकून तिला शिकविले की ती प्राण वाचविते, हे येथे सिद्ध झाले आहे. केंद्र सरकारनेही २०१८ साली प्रशिक्षित सुईणींचा स्वतंत्र वर्ग उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अंमलबजावणीचा वेग मात्र कासवाचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक शहरी आरोग्य केंद्रात चोवीस तास पगारी, कायम, प्रशिक्षित सुईण असावी. आशांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन मिळावे. अन्नसुरक्षा कायद्याची रक्कम अपत्यसंख्येची अट न घालता द्यावी. मोहल्ल्यातील अनुभवी वृद्ध स्त्रियांना प्रसूतिगृहात बाळंतिणीची सोबतीण म्हणून सन्मानाने स्थान द्यावे. कार्यकर्त्यांनी प्रभागवार यादी करावी: गेल्या वर्षात कोठे किती बाळंतपणे झाली, कोणी केली, आणि कुटुंबाला किती खर्च आला. ही यादी हाती घेऊन महापालिकेच्या दारात गेल्यास उत्तर टाळणे कठीण जाईल. पॉपलरच्या गरीब स्त्रीला जे राजकारणाने मिळवून दिले, ते मालेगावच्या स्त्रीला केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहावयास मिळावे, हे कोणत्याही समाजवाद्याने मान्य करू नये.